‘ओव्हरप्रिंट’ आणि ‘सरचार्ज’: निर्वासित साहाय्याच्या पाच पैशांच्या तिकिटाला नेमके काय म्हणावे?

नौपाडा_अल्बम (ठाणे)

नमस्कार. माझ्या सासऱ्यांनी जमवलेली टपाल तिकिटे मी सध्या नव्या अल्बममध्ये लावत आहे. ते वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या कार्यालयात नोकरीला होते आणि तेथे येणाऱ्या टपालाची पाकिटे ते मागून घेत असत. त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वापरलेली तिकिटे संग्रहात पुष्कळ आहेत. प्रत्येक पानावर तिकिटांखाली मराठीत नोंद लिहायची असे मी ठरवले आहे, कारण हा अल्बम पुढे माझ्या मुलीकडे जाणार आहे आणि तो तिला कोणाच्या मदतीशिवाय वाचता यावा अशी माझी इच्छा आहे.

अडचण एका शब्दाशी आली आहे. कुटुंब नियोजनाचे चित्र असलेल्या पाच पैशांच्या तिकिटावर काळ्या शाईत ‘शरणार्थी सहायता’ आणि त्याखाली इंग्रजीत ‘रेफ्युजी रिलीफ’ असे नंतर छापलेले आहे. एका विक्रेत्याच्या यादीत याच तिकिटाला ‘ओव्हरप्रिंट’ म्हटले आहे, तर दुसऱ्याच्या यादीत ‘सरचार्ज’. निर्वासितांसाठी त्या वेळी पाच पैसे जादा घेतले जात होते, म्हणून वीजबिलावरील अधिभारासारखाच हा सरचार्ज आहे, असे आमच्या शेजारच्या काकांचे म्हणणे आहे. हे मला पटले असते. पण त्याच संग्रहात पंचम जॉर्ज यांचे एक आण्याचे किरमिजी तिकीट आहे, त्यावर ‘नाइन पाइज’ असे छापले आहे आणि त्याला मात्र सगळेच जण सरचार्ज म्हणतात. एक आणा म्हणजे बारा पै. म्हणजे या तिकिटाची किंमत वाढलेली नसून तीन पैंनी उतरलेली आहे. मग येथे जादा आकारणी कोणती?

हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत, की त्यांत नेमका भेद आहे? आणि भेद असेल, तर निर्वासित साहाय्याचे तिकीट कोणत्या बाजूला जाते?

—

चरईकर

थोडक्यात सांगतो. छापून तयार असलेल्या तिकिटावर नंतर जे काही अधिकृतपणे छापले जाते, ते ओव्हरप्रिंट. त्या नव्या छपाईने तिकिटाची किंमत बदलली, तर तो सरचार्ज. त्यामुळे प्रत्येक सरचार्ज हा ओव्हरप्रिंट असतो, परंतु प्रत्येक ओव्हरप्रिंट हा सरचार्ज नसतो. निर्वासित साहाय्याच्या तिकिटाने लोकांकडून जादा पैसे घेतले गेले, म्हणून माझ्या मते त्यालाही सरचार्ज म्हणायला हरकत नसावी.

—

नेरूळ_टपाल

चरईकरांची व्याख्या अचूक आहे, पण शेवटच्या वाक्यात त्यांनी स्वतःच्याच व्याख्येची कसोटी बाजूला ठेवली आहे, असे मला वाटते. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तिकीट संग्रहात सरचार्ज या शब्दाचा ग्राहकाकडून काय वसूल झाले याच्याशी काहीही संबंध नाही. तिकिटाच्या कागदावर छापलेली किंमत दुसऱ्या छपाईने बदलली का, एवढाच प्रश्न विचारायचा. वीजबिलात, विमानाच्या तिकिटात किंवा आयकरात सरचार्ज म्हणजे मूळ आकारावर चढवलेली रक्कम, म्हणून आपल्या कानाला तो शब्द वाढीचा वाटतो. टपाल तिकिटांवर मात्र तो वाढ, घट आणि चलनबदल या तिन्हींना सारखाच लागू होतो. नौपाड्याच्या ताईंनी ‘नाइन पाइज’चे जे उदाहरण दिले आहे, ते १९२१चे असून या बाबतीत आदर्श म्हणावे असे आहे, कारण त्यात किंमत खाली आली आहे आणि तरीही जगभरचे कॅटलॉग त्याला सरचार्जच म्हणतात. हे उदाहरण अपवादात्मकही नाही. राणी व्हिक्टोरिया यांच्या अर्ध्या आण्याच्या तिकिटावर १८९८ साली पाव आणा छापला गेला. तेथे किंमत निम्मी झाली. सहाव्या जॉर्ज यांच्या एक आणा तीन पैच्या तिकिटावर १९४६ साली ‘थ्री पाइज’ असे छापले गेले, म्हणजे पंधरा पैंचे तिकीट तीन पैंचे झाले. बहुतेक वेळा कारण व्यवहाराचे असते: एखाद्या किंमतीच्या तिकिटांची निकड अचानक निर्माण होते, नवी तिकिटे छापून येण्यास वेळ लागतो, आणि कोठारात दुसऱ्या किंमतीचे साठे पडून असतात. १९२६ पूर्वी आपली तिकिटे लंडनहून छापून येत असत, हे लक्षात घेतले म्हणजे ही सोय किती आवश्यक होती ते कळते. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये तिकिटांची छपाई सुरू झाली, ती १९२६ पासून.

आता ओव्हरप्रिंट. किंमत तशीच ठेवून तिकिटाचा उपयोग, त्याचा प्रदेश किंवा त्याचा वापर करणारा बदलायचा असेल, तेव्हा जे छापले जाते त्याला निव्वळ ओव्हरप्रिंट म्हणतात. भारतीय संग्राहकाला याची जितकी विविधता मिळते तितकी फार थोड्या देशांच्या संग्राहकांना मिळत असेल, असे माझे प्रामाणिक मत आहे. सरकारी टपालासाठी ‘सर्व्हिस’ असा शब्द १८६६ पासून छापला जाऊ लागला. १८७४ पासून त्याची जागा ‘ऑन एच.एम.एस.’ या अक्षरांनी घेतली आणि पंचम जॉर्ज यांच्या काळात ‘सर्व्हिस’ पुन्हा आले. चीनमध्ये गेलेल्या फौजेसाठी १९०० साली ‘सी.ई.एफ.’ आणि पहिल्या महायुद्धातील भारतीय फौजेसाठी १९१४ साली ‘आय.ई.एफ.’ ही अक्षरे छापली गेली. ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ रोजी भारतापासून वेगळा झाला, तेव्हा भारताच्याच तिकिटांवर ‘बर्मा’ असे छापून तेथील टपालाचे काम सुरू झाले.

पतियाळा, जिंद, नाभा, चंबा, फरीदकोट आणि ग्वाल्हेर या सहा संस्थानांचा प्रकार तर स्वतंत्र अभ्यासाचा आहे. या संस्थानांनी ब्रिटिश सरकारशी टपालाचा करार केला होता. त्यांना भारताचीच तिकिटे संस्थानाचे नाव छापून मिळत आणि ती ब्रिटिश भारतात कोठेही पत्र पाठवण्यास चालत. इतर संस्थानांची स्वतःची तिकिटे होती, पण ती सहसा त्यांच्या सीमेपलीकडे चालत नसत. म्हणजे एका ओळीच्या छपाईमुळे टपालव्यवस्थेतील संबंधित संस्थानाचे स्थान समजते. सुरुवातीच्या तिकिटांवर पतियाळा आणि जिंद ही नावे इंग्रजीत आजच्यापेक्षा निराळ्या स्पेलिंगने छापलेली आढळतात, आणि ग्वाल्हेरच्या तिकिटांवर इंग्रजीसोबत नागरी अक्षरेही आहेत.

स्वातंत्र्यानंतरही ही पद्धत थांबली नाही. पाकिस्तानची स्वतःची तिकिटे १९४८च्या जुलैमध्ये निघाली. तोपर्यंत सहाव्या जॉर्ज यांच्या भारतीय तिकिटांवर ‘पाकिस्तान’ असे छापून काम चालवले गेले, आणि ही अधिकृत छपाई आपल्या नाशिकलाच झाली होती. कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय सैनिकांकरिता १९५३ साली, आणि कंबोडिया, लाओस व व्हिएतनाममधील आंतरराष्ट्रीय आयोगाच्या कामासाठी गेलेल्या आपल्या लोकांकरिता १९५४ साली, पुरातत्त्व मालिकेतील तिकिटांवर देवनागरीत ओव्हरप्रिंट केले गेले. ‘कम्बोज’, ‘लाओस’, ‘वियत नाम’ ही नावे देवनागरीत छापलेली भारतीय तिकिटे हातात घेताना मला आजही विशेष आनंद होतो. आपल्या लिपीतील अक्षरे इतक्या दूरच्या टपालात वापरली गेली, ही गोष्ट मुलांना आवर्जून दाखवण्यासारखी आहे.

काही वेळा एकाच छपाईत नाव आणि किंमत दोन्ही असतात. कुवेतमध्ये आधी भारताच्या तिकिटांवर ‘कुवेत’ असे छापले जात असे. तो ओव्हरप्रिंट झाला. पुढे १९४८ पासून ब्रिटनच्या तिकिटांवर ‘कुवेत’ या नावासोबत आण्यांतील किंमतही छापली जाऊ लागली. नाव कायम असले, तरी किंमत बदलल्याबरोबर ती सरचार्जमध्ये गणली जातात. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी नया पैसा आला, तेव्हा कुवेतमध्येही रुपयाच चालत असल्यामुळे त्या छापील किंमतीही नया पैशांत आल्या.

या कसोटीवर निर्वासित साहाय्याचे तिकीट लावून पाहा. मूळ तिकीट पाच पैशांचे आहे. दुसऱ्या छपाईनंतरही ते पाच पैशांचेच राहिले. बदलले ते एवढेच की, ते आता टपालखर्चासाठी उरले नाही. नेहमीच्या तिकिटांच्या जोडीला कराची पावती म्हणून ते लावायचे होते. म्हणून ते ओव्हरप्रिंट आहे, सरचार्ज नाही. आपल्या शेजारच्या काकांचे म्हणणे अर्थव्यवहाराच्या भाषेत खरे आहे, कारण ते पाच पैसे हा अधिभारच होता. पण तो अधिभार पत्रावर होता, तिकिटाच्या किंमतीवर नव्हता.

—

चरईकर

नेरूळकरांचे म्हणणे मान्य आहे. वसुली आणि छपाई या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की गोंधळ राहत नाही. एक पुरवणी जोडतो: परदेशांत मदतनिधीची अशी तिकिटे असतात की त्यांवर ‘५ + २’ अशा दोन किंमती सुरुवातीपासूनच छापलेल्या असतात. त्यांतील दुसऱ्या आकड्याला काही जण सरचार्ज म्हणतात, परंतु तेथे नंतरची छपाईच नसल्याने ‘सरटॅक्स’ हा शब्द अधिक योग्य ठरतो.

—

नौपाडा_अल्बम (ठाणे)

आपणा दोघांचे मनापासून आभार. नेरूळकरांचा खुलासा वाचल्यावर मी सर्व पाने पुन्हा पाहिली. ‘ऑन एच.एम.एस.’ची तिकिटे मी सरचार्जच्या पानावर लावली होती, ती आता हलवते.

यातून आणखी एक शंका निघाली. निर्वासित साहाय्याची माझ्याकडे एकूण तीन प्रकारची तिकिटे आहेत. पहिल्या प्रकारावर हिंदी व इंग्रजी दोन्ही मजकूर आहे. दुसऱ्या प्रकारावर केवळ इंग्रजी असून अक्षरांचे वळण निराळे आहे. तिसऱ्या प्रकारावर निर्वासितांचेच चित्र आहे आणि नंतरची छपाई अजिबात नाही. एका पाकिटावर तर जांभळ्या शाईतला, रबरी शिक्क्याने उमटवल्यासारखा मजकूर आहे. हे सर्व अधिकृत आहे का? आणि मराठीत नोंद करताना ओव्हरप्रिंटला प्रतिशब्द वापरावा का?

—

खारघर_संग्रह

या विषयावर मी बरीच वर्षे तिकिटे आणि पाकिटे जमवत आहे, म्हणून पहिल्या शंकेला मी उत्तर देतो.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या साहाय्यासाठी टपालावर पाच पैशांचा कर १५ नोव्हेंबर १९७१ पासून लागू झाला. निर्वासितांचे चित्र असलेले खास तिकीट १ डिसेंबरला निघाले. मधल्या जेमतेम दोन आठवड्यांत देशभरातील टपाल कार्यालयांना कराचे तिकीट तर लागणार होते, म्हणून हाताशी असलेल्या कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर छपाई करण्यात आली. आपल्याकडील दोन भाषांतील प्रकार नाशिकचा आहे. नाशिकची तिकिटे वेळेत पोहोचली नाहीत, तेथे ठिकठिकाणी स्थानिक छपाई करून घेण्यात आली. त्यामुळे केवळ इंग्रजी मजकूर, वेगवेगळ्या वळणांची अक्षरे, आणि काही जागी रबरी शिक्के, असे अनेक प्रकार दिसतात. अशा तात्पुरत्या सोयीच्या तिकिटांना ‘प्रोव्हिजनल’ म्हणतात. हा शब्द ओव्हरप्रिंटला पर्याय नाही: ओव्हरप्रिंट हे छपाईचे वर्णन आहे आणि प्रोव्हिजनल हे कारणाचे. एकाच तिकिटाला दोन्ही लागू शकतात आणि येथे ते लागतात. हा कर ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू होता, म्हणून तिसऱ्या प्रकारची तिकिटे आपल्या संग्रहात सर्वांत जास्त असणार.

आता सावधगिरीची गोष्ट, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या तिकिटाचे सारे मोल दुसऱ्या छपाईत असते, त्याची नक्कल करणे सोपे असते, कारण मूळ तिकीट खरे आणि स्वस्त असते. खोटी असते ती फक्त वरची अक्षरे. कागद, दाते, रंग, गोंद सगळे तपासून काहीच सापडत नाही. रबरी शिक्क्यांच्या प्रकारात तर कोणीही घरी बसून असा शिक्का तयार करवून घेऊ शकतो. म्हणून सुटे तिकीट आणि पाकिटावरचे तिकीट यांत मी नेहमी पाकिटाला अधिक मान देतो. भिंगातून पाहताना पोस्टाचा शिक्का आणि ओव्हरप्रिंटची शाई जेथे एकमेकांना छेदतात, ती जागा शोधावी. तिकीट आधी छापले जाते आणि पोस्टाचा शिक्का नंतर बसतो, म्हणून शिक्क्याची शाई वर असली पाहिजे. ओव्हरप्रिंटची अक्षरे शिक्क्याच्या रेषांवरून गेलेली दिसली, तर कोणीतरी वापरलेल्या जुन्या तिकिटावर नंतर अक्षरे छापली आहेत असे समजावे. शिक्क्याची तारीख वाचता येत असेल, तर काम आणखी सोपे होते: १५ नोव्हेंबर १९७१ पूर्वीच्या शिक्क्याखाली हा मजकूर असूच शकत नाही. खिळे जुळवून केलेल्या जुन्या छपाईत अक्षरांचा दाब कागदाच्या मागच्या बाजूलाही किंचित जाणवतो. तिकीट उलटे करून तिरप्या उजेडात धरले की तो दिसतो. अर्थात हा दाब नसणे म्हणजे लगेच खोटेपणाचा पुरावा नव्हे.

महागड्या तिकिटांबाबत हा धोका किती वाढतो, याचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. गांधीजींची चार तिकिटे १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघाली. ती स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली होती. त्यांतील दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ असे छापून गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी केवळ शंभर प्रती तयार केल्या गेल्या. अशाच चार तिकिटांची एक पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. साधे दहा रुपयांचे तिकीट आणि हे तिकीट यांत एका शब्दाचा फरक आहे, तेव्हा तो शब्द बनावट छापण्याचा मोह किती जणांना होत असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. समाजमाध्यमांवर असे तिकीट कोणी विकत देत असेल, तर मान्यताप्राप्त तज्ज्ञांचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय बोलणीही करू नयेत.

ताई, एक विनंती आहे. जांभळ्या शाईचा मजकूर असलेले ते पाकीट कृपया पाण्यात भिजवू नका. रबरी शिक्क्याची शाई पाण्यात पसरते, आणि तिकीट सोडवले की तारखेचा अर्धा शिक्का पाकिटावरच राहतो. अख्खे पाकीट पारदर्शक खिशात घालून तसेच पानावर लावावे. पाकिटावर टपालखर्चाची तिकिटे वेगळी आणि हे पाच पैशांचे वेगळे, असे दोन्ही एकत्र दिसते. कर आणि टपालखर्च यांतील फरक आपल्या मुलीला त्यावरून एका दृष्टिक्षेपात समजेल.

—

कळव्याची_वाचक

प्रतिशब्दाबद्दल माझे मत मांडते. ‘अधिमुद्रण’ हा शब्द ओव्हरप्रिंटसाठी चांगला आहे, त्याचा अर्थ चटकन लागतो आणि लेखी नोंदीत तो शोभतो. सरचार्जसाठी ‘अधिभार’ हा शब्द मात्र वापरू नये, असे मी आग्रहाने म्हणेन, कारण याच चर्चेत त्या शब्दाने जो गैरसमज झाला, तोच वाचणाऱ्या प्रत्येकाचा होईल. आणि निर्वासित साहाय्याच्या पानावर तर करासाठी ‘अधिभार’ आणि छपाईसाठीही ‘अधिभार’ असे एकाच ओळीत दोन वेळा लिहावे लागेल. त्याऐवजी ‘किंमतबदल’ असे साधे लिहून पुढे ‘सरचार्ज’ हा रूढ शब्द ठेवावा, म्हणजे मुलीला पुढे कॅटलॉगमध्ये तो शोधताही येईल.

—

नेरूळ_टपाल

कळव्याच्या ताईंशी मी सहमत आहे. नौपाड्याच्या ताईंना उपयोगी पडेल म्हणून दोन नोंदींचा मसुदा देतो. त्यात हवे ते बदल करावेत.

पहिली: ‘पंचम जॉर्ज, एक आणा, किरमिजी. १९२१ साली “नाइन पाइज” अशी छपाई करून किंमत बारा पैंवरून नऊ पै करण्यात आली. किंमतबदल, सरचार्ज.’

दुसरी: ‘कुटुंब नियोजन, पाच पैसे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या साहाय्यासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर लागू झालेल्या पाच पैशांच्या कराकरिता “शरणार्थी सहायता” असे अधिमुद्रण. किंमत कायम, उपयोग बदललेला. नाशिक येथील छपाई.’

केवळ इंग्रजी मजकूर असलेल्या तिकिटांखाली ‘स्थानिक छपाई’ एवढेच लिहावे. छपाई कोणत्या गावची, हे अक्षरांच्या वळणावरून ठरवण्यासाठी तज्ज्ञांची सूची समोर असावी लागते. पोस्टाचा शिक्का वाचता येत असेल तर त्यावरचे गाव आणि तारीख मात्र अवश्य नोंदवावी. जांभळ्या शिक्क्याच्या पाकिटाचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र येथे टाकता आले तर पाहावे. पाकिटाच्या मागे पोहोचल्याचा ठाण्याचा शिक्का असेल, तर निघाल्याची आणि पोहोचल्याची अशा दोन्ही तारखा मिळतील आणि खारघरकरांनी सांगितलेली तपासणी आपल्याला इथेच करता येईल.